गर्भपाताचा आकडा हाती आला, तर तो वाचायचा कसा

माझी भाची एका दैनिकात काम करते. दोन वर्षांपूर्वी एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "आत्या, देशात वर्षाला गर्भपात किती होतात गं? एकच आकडा दे, पान सोडायचंय."

मी विचारलं, "कुणी मोजलेले?"

"म्हणजे?"

त्या "म्हणजे?"चं उत्तर पाच मिनिटांत देणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमीत "सुमारे ७ लाख" छापून आलं. आकडा सरकारी होता, खोटा नव्हता. पण तो वाचून ज्याला वाटलं असेल की वर्षभरात देशातल्या ७ लाख बायकांनीच गर्भपात करून घेतला, त्याचा समज वीसपटीहून जास्त चुकला.

मी २७ वर्षं एका जिल्ह्याच्या आरोग्य विभागात सांख्यिकीच्या टेबलावर काढली. प्राथमिक आरोग्य केंद्रांचे, ग्रामीण रुग्णालयांचे, खाजगी दवाखान्यांचे मासिक अहवाल यायचे; त्यांची बेरीज करून एकत्रित अहवाल वर जायचा. आधी आडव्या रजिस्टरात कार्बन घालून, मग एक्सेलमध्ये, शेवटी थेट संगणक प्रणालीत. वैद्यकीय गर्भपाताचे, म्हणजे आमच्या बोलण्यातले एमटीपीचे, अहवालही त्याच टेबलावरून गेले. हे टिपण मी भाचीसाठी लिहायला घेतलं. तिच्यासारख्या पत्रकारांना, प्रबंध लिहिणाऱ्या मुलींना, संस्थांमधल्या कार्यकर्त्यांनाही ते उपयोगी पडावं.

पडलं आणि पाडलं

सगळ्यात आधी शब्द तपासा. आमच्याकडे बाया "पोट पडलं" म्हणतात आणि "पोट पाडलं" म्हणतात. एका कान्याचा फरक, पण पहिलं आपोआप झालेलं आणि दुसरं ठरवून केलेलं. प्रमाण मराठीत तोच फरक "गर्भपात झाला" आणि "गर्भपात करून घेतला" यांत आहे, म्हणजे तो क्रियापदात आहे. आणि तक्त्यात क्रियापद नसतं. तिथे नुसतं "गर्भपात" असा रकाना असतो आणि वाचणारा आपल्या मनाने एक कुठलातरी अर्थ घेतो.

यातून केवढा घोटाळा होतो ते दाखवते. १९६४ साली केंद्र सरकारने गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते आपल्याच महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. १९६६ च्या अखेरीस समितीने अहवाल दिला आणि त्यात अंदाज मांडला, की ५० कोटी लोकसंख्येच्या देशात वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत. पुढे २००४ च्या सुमारास मुंबईच्या सेहत आणि हेल्थवॉच या संस्थांच्या पुढाकाराने देशभर एक मोठा अभ्यास झाला. त्याचा अंदाज होता वर्षाला ६४ लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवून "जवळजवळ चाळीस वर्षांत काहीच बदललं नाही" असं लिहिलेला एक प्रबंध मी स्वतः वाचला आहे. मुलीने मेहनत केली होती, तळटिपा नीट होत्या. पण शहा समितीच्या ६५ लाखांत २६ लाख आपोआप झालेले होते आणि करून घेतलेले ३९ लाख. नंतरचे ६४ लाख सगळे करून घेतलेले. म्हणजे तुलना करायचीच तर ३९ ची ६४ शी करायला हवी होती.

म्हणून तक्ता उघडला, की रकान्याचं पूर्ण नाव वाचा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एचएमआयएस प्रणालीत आपोआप झालेल्या गर्भपाताची ओळ वेगळी आहे, १२ आठवड्यांपर्यंतच्या एमटीपीची वेगळी, १२ आठवड्यांपुढच्या एमटीपीची वेगळी आणि गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीची वेगळी. चारही ओळींची बेरीज करून "एकूण गर्भपात" काढणारे मी पाहिले आहेत. गुंतागुंत झालेली बाई त्या बेरजेत दोनदा मोजली जाऊ शकते.

निरंक

आता कुणी मोजलं याकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी सगळी नोकरी याच कागदापाशी गेली.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, अंमल १ एप्रिल १९७२ पासून. त्याआधी, आणि त्या कायद्याच्या चौकटीबाहेर आजही, गर्भपात करणं हा दंडसंहितेखाली गुन्हा आहे. भारतीय दंडसंहितेत ते कलम ३१२ होतं, जुलै २०२४ पासून न्यायसंहितेत ८८ आहे. एमटीपी कायदा हा त्या गुन्ह्याला दिलेला अपवाद आहे आणि म्हणून त्यात कागद फार. बाईचं संमतीपत्र नमुना सी मध्ये. डॉक्टरांचं मत नमुना एक मध्ये. दवाखान्याचं दाखल रजिस्टर नमुना तीन. आणि दर महिन्याचा गोषवारा नमुना दोन. माझ्या टेबलावर यायचा तो हा नमुना दोन. त्यात नाव नसतं, फक्त संख्या: किती आठवड्यांच्या किती, वयोगट कोणता, कारण काय, गुंतागुंत किती.

देशात "७ लाख" म्हणून छापून येतात ते आकडे अशा मान्यताप्राप्त ठिकाणांहून आलेल्या अहवालांची बेरीज असते. साखळी कशी चालते बघा. दवाखाना मान्यताप्राप्त असला पाहिजे. तिथे बाई गेली पाहिजे. तिची नोंद रजिस्टरात झाली पाहिजे. महिनाअखेरीला कुणीतरी ती मोजून नमुना दोन भरला पाहिजे. तो पोचला पाहिजे. मग आम्ही तो बेरजेत धरला पाहिजे. यातली एक कडी निसटली, की ती बाई देशाच्या आकड्यातून गळाली.

सरकारी कागदावर काही घडलं नसेल तर आपण "निरंक" लिहितो. एका तालुक्याच्या गावात तीन खाजगी केंद्रं मान्यताप्राप्त होती. एका मार्चमध्ये तिघांचेही नमुने आले आणि तिघांवरही आडवी रेघ मारून निरंक. मी ते निमूटपणे बेरजेत धरले असते. पण त्याच आठवड्यात त्याच गावच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आंतररुग्ण रजिस्टरची पडताळणी करायला मी गेले होते. निदानाच्या रकान्यात एकाच महिन्यात चार ठिकाणी लिहिलं होतं "इनकम्प्लीट अबॉर्शन", अर्धवट राहिलेला गर्भपात. तिथल्या सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, गोळी घेऊन येतात. कुठून आणली ते सांगत नाहीत, आम्ही खोदून विचारत नाही. आधी रक्त थांबवायचं का चौकशी करायची?" त्या चौघींपैकी एकीच्या केसपेपरवर हिमोग्लोबिन ५.८ लिहिलं होतं. तो आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या एकत्रित अहवालात त्या महिन्यात त्या गावापुढे एमटीपी शून्य गेले.

या चौघींना सरकारी आकड्यात जागाच नव्हती. औषधाच्या दुकानातून किंवा ओळखीतून गोळी मिळवून घरी घेतली तर त्याचा नमुना दोन कोण भरणार? आणि जिथे दवाखान्यातच झालं, तिथेही निरंक येण्याची कारणं एकच एक नसतात. कुठे अहवाल लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. कुठे डॉक्टरांना वाटतं, आकडा दिसला की तपासणी लागते, त्यापेक्षा रेघ बरी. कुठे ठिकाणालाच मान्यता नसते, मग नमुना मागायचा तरी कुणाकडे? अल्पवयीन मुलीच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक, त्यामुळे आईवडील नोंद होणाऱ्या दवाखान्यात जायलाच घाबरतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं, की मुलीची आणि पालकाची विनंती असेल तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. हे खालपर्यंत पोचायला अजून वेळ लागेल.

म्हणून नियम एवढाच ठेवा: सरकारी आकडा दिसला, की त्याच्या पुढे मनात "नोंदवलेले" हा शब्द लावा. नोंदवलेले एमटीपी ७ लाख. हे वाक्य खरं आहे.

घरी जाऊन विचारलं तर

मोजणीची दुसरी वाट म्हणजे बायकांनाच विचारायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, मुंबईच्या देवनारला असलेली आयआयपीएस ही संस्था करते. पहिल्या पाच फेऱ्यांचे अहवाल हाताशी आहेत: १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१. हे सगळं फुकट उतरवून घेता येतं. राज्याची फॅक्टशीट पाहून थांबू नका, देशाचा मोठा अहवाल उघडा. पाचव्या फेरीत आधीच्या पाच वर्षांतल्या गरोदरपणांपैकी ३ टक्के करून घेतलेल्या गर्भपाताने संपल्याचं बायकांनी सांगितलं. आपोआप पडलेले ७ टक्क्यांच्या आसपास.

३ टक्के हे फार कमी आहे, आणि का कमी आहे ते सर्वेक्षणाला गेलेल्या कुणालाही विचारा. ओसरीवर बसून प्रश्न विचारायचे, सासू दाराच्या चौकटीत, पोरं भोवती. एकांत मिळवा असं प्रशिक्षणात सांगतात आणि मुली खरंच प्रयत्न करतात. पण अनोळखी मुलीला चाळीस मिनिटांच्या ओळखीवर कोण सांगेल? काही जणी "पाडलं"च्या जागी "पडलं" सांगतात. काही त्या गरोदरपणाचा उल्लेखच करत नाहीत.

तरी हे सर्वेक्षण टाकाऊ समजू नका. किती गर्भपात झाले हे ते सांगू शकत नाही, पण ज्यांनी सांगितलं त्यांच्याबद्दल ते बरंच सांगतं. पाचव्या फेरीत गर्भपाताचं कारण म्हणून ४८ टक्के वेळा "गरोदरपण नको असताना राहिलं" हे आलं. आणि २७ टक्के गर्भपात बाईने स्वतः घरीच केले असं आलं. माझ्या दृष्टीने हा दुसरा आकडा फार मोलाचा आहे, कारण आमचा नमुना दोन हे कधीच दाखवू शकला नसता.

गोळ्यांवरून बायका मोजणं

तिसरी वाट अंदाजाची. "अंदाज" म्हटलं की लोक नाक मुरडतात. अंदाज म्हणजे ठोकताळा असं त्यांना वाटतं. चांगल्या अंदाजात काय असतं ते एकदा बघा.

२०१५ या वर्षासाठी आयआयपीएस, दिल्लीची पॉप्युलेशन कौन्सिल आणि न्यूयॉर्कची गुटमाकर इन्स्टिट्यूट यांनी मिळून काम केलं. ते डिसेंबर २०१७ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यांनी बायकांना विचारलंच नाही. आसाम, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, तामिळनाडू आणि उत्तर प्रदेश या सहा राज्यांतल्या दवाखान्यांची पाहणी केली. देशभरात गर्भपाताच्या गोळ्यांची विक्री आणि वाटप किती झालं त्याची माहिती घेतली. वाया गेलेल्या, न वापरलेल्या गोळ्यांची वजावट केली. उरलेल्या थोड्या, इतर उपायांनी झालेल्या गर्भपातांचा हिशेब आधीच्या अभ्यासांवरून लावला. उत्तर आलं १ कोटी ५६ लाख. त्यातले दवाखान्यांतले ३४ लाख, दवाखान्याबाहेर गोळ्यांनी झालेले १ कोटी १५ लाख आणि दवाखान्याबाहेर इतर उपायांनी ८ लाख. ही तिन्ही अंगं पूर्ण लाखांत दिलेली आहेत, म्हणून बेरीज लाखभराने इकडेतिकडे होते, त्यात घाबरायचं कारण नाही.

या आकड्यांवरून दोन गोष्टी पाहायला शिका.

एक, पल्ला. अभ्यासकांनी स्वतःच १ कोटी ४१ लाख ते १ कोटी ७३ लाख असा पल्ला दिला आहे. बातमीत तो गळतो. तो गाळू नका. पल्ला देणारा अभ्यासक आपल्या मोजपट्टीची जाडी सांगत असतो.

दोन, ३४ लाख आणि ७ लाख शेजारी ठेवा. सगळी तफावत गोळ्यांमुळे आहे असं मीही निवृत्त होईपर्यंत समजत होते. पण दवाखान्यांत झालेलेच ३४ लाख असतील आणि नोंदवलेले ७ लाख, तर दवाखान्याच्या चार भिंतींत झालेल्या पाचांपैकी चार गर्भपातांचाही कागद वर पोचलेला नाही. हे मला फार लागलं. ते ७ लाख जमवायला माझ्यासारखी किती माणसं महिनाअखेरीला रात्री आठपर्यंत बसली असतील.

आणखी एक पडताळा घरच्या घरी करता येतो. त्याच अभ्यासात देशात वर्षाला ४ कोटी ८१ लाख गरोदरपणं धरली आहेत. त्यांचे ३ टक्के काढा: साडेचौदा लाखांच्या आत. म्हणजे बायकांच्या तोंडून सर्वेक्षणात जेवढं बाहेर येतं ते अंदाजाच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नाही. नोंदणी, सर्वेक्षण, अंदाज: ७ लाख, साडेचौदा लाख, १ कोटी ५६ लाख. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. सरासरी काढायची नाही. हा मूर्खपणा वाटेल, पण केलेला मी पाहिला आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं, की त्या सहा राज्यांत आपलं राज्य नव्हतं. "महाराष्ट्रात इतके" असं कुणी त्या अभ्यासाच्या नावावर सांगत असेल, तर ते कसं काढलं ते विचारा.

वाढले की घटले

कल सांगायचा असेल तर संख्या बाजूला ठेवा आणि दर काढा. शहा समितीचे ३९ लाख आणि २०१५ चे १ कोटी ५६ लाख. बरोबर चौपट! मथळा तयार. आता भागाकार करा. १९६६ च्या अहवालात लोकसंख्या धरली होती ५० कोटी, म्हणजे हजार माणसांमागे ७.८. २०१५ ला लोकसंख्या १३१ कोटींच्या घरात, म्हणजे हजारामागे १२ च्या जरा आत. चौपटीचं दीडपट झालं. आणि तेही छापू नका. शहा समितीने ७३ जिवंत जन्मांमागे २५ गर्भपात, त्यातले १५ करून घेतलेले, असं गृहीत धरून गणित मांडलं होतं. नंतरच्यांनी गोळ्या आणि दवाखाने मोजले. शेराने मोजलेलं आणि किलोने मोजलेलं धान्य वजा करून वाढ सांगता येत नाही.

रूढ दर काढतात तो १५ ते ४९ वयाच्या हजार बायकांमागे. २०१५ साठी भारताचा ४७ आला. जगाचा २०१५ ते २०१९ साठीचा अंदाज ३९ आहे. पण अमेरिकेचा दर पाहाल तर तिथे बहुधा १५ ते ४४ वय धरलेलं असतं, म्हणून आधी तळाची ओळ वाचा. आणि "दर" म्हणजे बायकांमागे, "गुणोत्तर" म्हणजे जिवंत जन्मांमागे. जन्म कमी झाले तर गर्भपात तेवढेच राहूनही गुणोत्तर वाढतं. आपल्याकडे एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, पाचव्या सर्वेक्षणात २.० वर आला आहे, तेव्हा हे फार जपून.

एकाच स्रोताची वर्षानुवर्षांची ओळ मिळाली, तरी तिच्यात सांधे कुठे आहेत ते शोधा. नोंदवलेले एमटीपी १९९० च्या दशकापासून सहा-सात लाखांच्या आसपास रेंगाळताना दिसतात. १९९१ ते २०११ या काळात देशाची लोकसंख्या ८४ कोटींवरून १२१ कोटींवर गेली आणि ही रेघ मात्र सपाट. कारण? २००२ मध्ये मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीला मान्यता मिळाली, २००८ मध्ये ती आणि तिच्या जोडीने घ्यायची मिसोप्रोस्टॉल यांच्या एकत्र पाकिटाला. गर्भपात शस्त्रक्रियेच्या टेबलावरून पाकिटात गेला आणि आमचं रजिस्टर टेबलापाशीच बसून राहिलं. त्याच २००८ मध्ये एचएमआयएस सुरू झाली, म्हणजे मोजायची पद्धतही बदलली. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतरचं वर्ष तर कुठल्याच तुलनेत पाया म्हणून घेऊ नका. सप्टेंबर २०२१ पासून काही गटांतल्या बायकांसाठी मर्यादा २० वरून २४ आठवडे झाली आणि कायद्यात "पती"च्या जागी "जोडीदार" आला. तेव्हापासूनची ओळ वेगळी वाचावी. शिवाय एचएमआयएसचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. मी स्वतः एकदा एका अहवालात जानेवारी ते डिसेंबरचे आकडे एप्रिल-मार्चच्या ओळीला जोडले होते. तीन महिने दोनदा मोजले गेले. वरून पत्र आलं तेव्हा कळलं आणि सगळा अहवाल पुन्हा करून पाठवावा लागला.

टाळेबंदीवरून आठवलं. इपास या संस्थेने तेव्हा सांगितलं, की तीन महिन्यांत होणाऱ्या ३९ लाख गर्भपातांपैकी साडेअठरा लाखांच्या वाटेत अडथळा आला. आता हे ३९ लाख कुठून आले? १ कोटी ५६ लाखांना चाराने भागा. एका अंदाजाच्या पोटातून दुसरा अंदाज असा जन्माला येतो. यात गैर काही नाही, पण दोन संस्थांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं असं समजून "दुजोरा मिळाला" लिहू नका. आणि हे ३९ लाख शहा समितीच्या वर्षभराच्या ३९ लाखांशी जुळतात तो निव्वळ योगायोग.

जुने आकडे नव्या कपड्यांत फिरतात हेही तपासा. "मातामृत्यूंपैकी ८ टक्के गर्भपातामुळे" हे वाक्य अजून वर्तमानकाळात छापलं जातं. ते २००१-०३ चं आहे. त्यानंतर देशातलं मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ९७ वर आलं (२०१८-२०), महाराष्ट्रात ३३ वर.

मुलींचा प्रश्न आणि हा प्रश्न

आपल्याकडे गर्भपात म्हटलं की लगेच "स्त्रीभ्रूणहत्या" हा शब्द येतो. बीडचा २०११ च्या जनगणनेतला आकडा माझ्या पिढीतल्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पाठ आहे: ० ते ६ वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. राज्याचा ८९४, त्याआधी २००१ ला ९१३ होता. या आकड्यांनी मला रात्र रात्र झोप येऊ दिलेली नाही. तरीही हा गर्भपाताचा आकडा नाही. तो मुलामुलींच्या संख्येचा आकडा आहे आणि तो लिंगनिदानाकडे बोट दाखवतो. नोंदवलेले बहुतेक एमटीपी १२ आठवड्यांच्या आतले असतात आणि सोनोग्राफीत लिंग कळायला साधारण त्यापुढचे आठवडे लागतात. एकूण गर्भपातांच्या तक्त्यावर "इतक्या कळ्या खुडल्या" असा मथळा देणं म्हणजे नको असलेलं गरोदरपण कायद्याने थांबवणाऱ्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं आहे.

२०१२ नंतर आपल्या राज्यात गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर आली आणि पुष्कळ दुकानदारांनी पाकीट ठेवणंच बंद केलं. गोळी चालते ती ९ आठवड्यांपर्यंत. त्यातून लिंगनिवड किती थांबली हे ज्याने त्याने ठरवावं. आकड्यांपुरतं सांगायचं तर, महाराष्ट्रातल्या दुकानांच्या विक्रीवरून इथल्या वापराचा अंदाज बांधणं अवघड होऊन बसलं.

माहिती मागताना

जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून नेमकं विचारा. नुसतं "एमटीपी किती झाले" विचारू नका. असं विचारा: जिल्ह्यात मान्यताप्राप्त एमटीपी केंद्रं किती, सरकारी किती, खाजगी किती, अमुक आर्थिक वर्षात प्रत्येक महिन्याला त्यांपैकी किती केंद्रांचा नमुना दोन प्राप्त झाला, प्राप्त अहवालांपैकी निरंक किती, १२ आठवड्यांपर्यंतचे आणि त्यापुढचे एमटीपी किती. आकड्यामागचा आकडा यातून मिळतो. ६० केंद्रांपैकी २५ अहवाल आले असतील, तर तुमच्या हातातला एकूण आकडा २५ केंद्रांचा आहे.

दाखल रजिस्टर मात्र मागायचं नाही. नमुना तीन कायद्याने गोपनीय आहे. संमतीपत्राच्या पाकिटावर "गोपनीय" लिहावं लागतं, शस्त्रक्रियेच्या रजिस्टरातही बाईचं नाव न घालता फक्त तिचा अनुक्रमांक घालतात आणि शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी रजिस्टर नष्ट करायचं असतं. हे लपवाछपवीसाठी नाही. गावात एका नावावरून काय होतं ते मी पाहिलं आहे. तालुक्यात एखाद्या महिन्याला एकच १२ आठवड्यांपुढची केस असेल, तर तो "१" देखील छापू नका. वर्षाची बेरीज द्या. लहान गावात एक हा आकडा नसतो, ती कुणाची तरी मुलगी असते आणि शेजारपाजारचे अर्ध्या तासात तिचं नाव काढतात.

भाचीने मागच्या वर्षी पुन्हा बातमी केली, तेव्हा वाक्य असं लिहिलं: "सरकारी प्रणालीत वर्षाला सुमारे ७ लाख वैद्यकीय गर्भपात नोंदवले जातात; दवाखाने आणि गोळ्यांच्या विक्रीवरून २०१५ साठी केलेला अंदाज १ कोटी ४१ लाख ते १ कोटी ७३ लाखांचा आहे." उपसंपादकाने वाक्य लांब आहे म्हणून कापायला घेतलं होतं. ती त्याच्या टेबलाशी उभी राहिली आणि ते तसंच छापून घेतलं.

मग तिने आपल्या जिल्ह्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. उत्तर आलं त्या संध्याकाळी पुन्हा फोन. "आत्या, निरंकचा रकाना भरून वाहतोय. एका तालुक्यात तर बाराही महिने निरंक. आता काय करू?"

मी म्हटलं, "त्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय कुठलं ते बघ. दुसरा अर्ज तिकडे टाक. नावं नकोत, रजिस्टर नको. वर्षभरात अर्धवट गर्भपाताच्या किती बायका दाखल झाल्या, एवढी एकच संख्या माग."